पॉइंटिंग कुत्रा घेऊन फेझंट-ग्राउझची शिकार: अमेरिकेतली मराठी मंडळी नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मिनेसोटात राहतो, घरी ठकी नावाची जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर कुत्री आहे, आणि सप्टेंबर लागला की मंडळातले लोक, ऑफिसातले देसी, झालंच तर पुण्यातले चुलतभाऊ सगळे तेच तेच विचारायला लागतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. नियमांचे आकडे दिलेत ते ढोबळ समजा, दर सीझनला राज्याचं वनखातं नवीन पुस्तिका काढतं ती वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

अपलँड म्हणजे नक्की कुठले पक्षी?

बदकं आणि हंस सोडा, ती पाण्यावरची शिकार, तिचा संसारच वेगळा. अपलँड म्हणजे गवतात, शेताच्या बांधाला, झुडपात नाहीतर जंगलात जमिनीवर वावरणारे पक्षी, बहुतेक सगळे आपल्या तित्तर-लाव्याच्या गोतावळ्यातले. आमच्या भागात मुख्य म्हणजे फेझंट. हा मूळचा इथला नाहीच, शांघायला अमेरिकेचा कॉन्सल जनरल असलेल्या ओवेन डेनी नावाच्या माणसाने १८८१-८२ च्या सुमाराला चीनहून ओरेगनला पाठवले आणि तिथून तो पसरला, आता साउथ डकोटाने १९४३ पासून त्याला राज्यपक्षीच करून टाकलाय. उत्तरेकडच्या ॲस्पेनच्या कोवळ्या जंगलात रफ्ड ग्राउझ असतो, त्याची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वर जाते आणि खाली येते. डकोटा-नेब्रास्काच्या उघड्या माळावर शार्पटेल ग्राउझ आणि प्रेअरी चिकन. कॅन्सस, टेक्सास, जॉर्जियाकडे बॉबव्हाइट क्वेल, हे थव्याने राहतात आणि डझनभर एकदम पायाखालून उडाले की माणूस बंदूक विसरतो. वुडकॉक या सगळ्यांत उपरा, लांब चोचीने चिखलातून गांडुळं काढून खाणारा आणि थंडीत दक्षिणेला जाणारा, पण कुत्र्यासमोर तो सगळ्यात शहाण्यासारखा बसून राहतो त्यामुळे नवीन कुत्र्याला शिकवायला एक नंबर.

आणि पश्चिमेला नेवाडा, आयडाहोत चुकर, म्हणजे होय, आपला चकोरच. १८९३ साली त्याच्या पाच जोड्या कराचीहून इलिनॉयला आणल्याची नोंद आहे आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, तर एका अर्थी आपल्याच इलाख्यातला. चांदणं पिणारा नाजूक पक्षी वगैरे कल्पना असेल तर विसरा, तो खडकाळ डोंगरावर पायी चढत जातो आणि माणूस धापा टाकत वर पोचला की आरामात दरीत उडून जातो.

पॉइंट म्हणजे कुत्रा नक्की करतो काय?

यावरच सगळा खेळ आहे म्हणून जरा सावकाश सांगतो. कुत्र्याला गवतात सोडलं की तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा शेत विंचरत पुढे जातो. पक्षी गवतात दडून बसलेला असतो, तुम्हाला दिसत नाही आणि कुत्र्यालाही दिसत नाही, पण वाऱ्यावर वास येतो. वासाच्या पट्ट्यात नाक शिरलं की पळता कुत्रा जागच्या जागी गोठतो. शेपटी ताठ, मान पुढे, कधी एक पाय उचललेला (तो फोटोतल्यासारखा दरवेळी नसतो हं), डोळे कुठेच बघत नसतात. लांडगा किंवा मांजर झडप घालायच्या आधी एक क्षण थबकतं बघा, तोच क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करकरून लांबवलाय, आणि झडप मागे ढकललीये. म्हणून चांगल्या घराण्याचं दोन-तीन महिन्यांचं पिल्लूसुद्धा काठीला बांधलेल्या पिसावर पॉइंट धरतं, कोणी शिकवलेलं नसताना.

पक्षी उडत का नाही? कारण दडून राहणं हाच त्याचा पहिला बचाव आहे. कुत्रा लांब उभा राहिला तर तो बसून राहतो, जास्त जवळ गेला तर उडतो. हे अंतर ओळखणारा कुत्रा तो चांगला कुत्रा, आणि ते तो फक्त पक्ष्यांकडूनच शिकतो, ट्रेनर कितीही भारी असला तरी. मग माणूस कुत्र्याच्या बाजूने पुढे जातो, गवतात पाय आपटतो, पक्षी भर्रकन उडतो, गोळी, आणि पडला तर कुत्रा आणून देतो. दुसरा कुत्रा बरोबर असेल तर त्याने पहिल्याला पॉइंटवर बघून स्वतःला वास नसतानाही थांबायचं असतं, याला बॅकिंग म्हणतात आणि दोन कुत्रे असे उभे दिसले की त्या दिवशी काही मिळालं नाही तरी चालतं.

फेझंट मात्र लबाड. तो बसत नाही, पळतो. कुत्रा पॉइंटवर, तुम्ही लगबगीने पोचता, तिथे काहीच नाही, मग कुत्रा हळूहळू सरकत पुन्हा वास शोधतो, पुन्हा थांबतो, असं शंभर-दोनशे यार्ड चालतं आणि मग शेताच्या टोकाला पक्षी उठतो. नवीन लोक इथे वैतागून कुत्र्याला हाका मारायला लागतात. मारू नका. तुमच्या नाकाला तिथलं काहीही कळत नाहीये, त्याच्या नाकाला कळतंय, तर गप्प राहून त्याच्या मागे चाला. मला विचाराल तर या छंदात शिकायची गोष्ट हीच, बाकी सगळं पैशाने विकत मिळतं.

आमच्याकडे लॅब आहे, तो चालेल का?

चालेल की. पण लॅब आणि स्प्रिंगर स्पॅनियल हे फ्लश करणारे कुत्रे, म्हणजे वास आला की थांबत नाहीत, थेट घुसून पक्षी उडवतात. मग कुत्रा कायम बंदुकीच्या टप्प्यात, वीस-पंचवीस यार्डांत राहायला हवा आणि तुम्हाला कायम तयार राहावं लागतं. फेझंटसाठी, त्यातून दाट कॅटेलमध्ये (आपलं पाणकणीस), लॅब पॉइंटरपेक्षा सरस ठरतो असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत.

आणि कारवानी किंवा मुधोळ? ते तर शिकारीच कुत्रे ना?

हा प्रश्न लातूरकडचा कोणी भेटला की हमखास येतो. कारवानी, मुधोळ, पश्मी हे नजरेने शिकार करणारे कुत्रे, मोकळ्या माळावर ससा दिसला की वेगाने गाठायचा हे त्यांचं काम. इथे लागतं नाक आणि वास आल्यावर थांबणं. तो गुण त्यांच्यात कोणी निवडलेलाच नाही. कुत्रा उत्तम, काम वेगळं.

कुठली जात घेऊ?

यावर मारामाऱ्या होतात. ढोबळ सांगायचं तर इंग्लिश पॉइंटर आणि सेटर हे लांब पल्ल्याचे, उघड्या मैदानात पाव मैल पुढे जाऊन काम करणारे, दक्षिणेत क्वेलसाठी लोक घोड्यावर बसून यांच्या मागे जातात. जर्मन शॉर्टहेअर, वायरहेअर, हंगेरीचा विझ्ला, वायमरानर, ग्रिफॉन हे युरोपातले सबकुछ कुत्रे, पॉइंटही करतात, पाण्यात उडी मारून बदकही आणतात, जखमी पक्ष्याचा मागही काढतात. ब्रिटनी आकाराने लहान, घरात मावणारी, स्वभावाने गोड. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता आणि शिकार वर्षातून चार वीकेंड, तर माझ्या मते ब्रिटनी. थंडीत, काट्याकुट्यात, पाण्यात कामाला वायरहेअर. शॉर्टहेअर मी घेतली कारण मला आवडते, हे कारण पुरेसं असतं.

पण एक लक्षात ठेवा, या कुत्र्यांना रोज पळायला लागतं. रोज म्हणजे रोज. सकाळ-संध्याकाळ कॉलनीत दहा मिनिटं पट्ट्यावर फिरवून भागणार असेल तर कृपा करून घेऊ नका, सोफा, बूट आणि शेजाऱ्यांशी संबंध तिन्ही जातील.

पिल्लू कुठून घ्यायचं?

आईबाप शिकारीला जातात का हे विचारा, फोटो नाही, प्रत्यक्ष शेतात बघा. कंबरेच्या सांध्याचे एक्स-रे तपासलेत का ते विचारा. नाव्हडा म्हणून एक संस्था आहे, १९६९ ची, उत्तर अमेरिकेतल्या अशा सबकुछ कुत्र्यांच्या परीक्षा घेते, पहिली परीक्षा सोळा महिन्यांच्या आतल्या पिल्लांची उपजत गुणांची. तिच्या स्थानिक शाखेच्या ट्रेनिंगच्या दिवशी नुसतं जाऊन उभे राहा, तासाभरात दहा जातींचे कुत्रे काम करताना दिसतील आणि लोक स्वतःहून बोलायला येतील. शो-रिंगमधल्या सुंदर घराण्यांपासून मात्र लांब राहा, दिसायला राजबिंडे आणि नाकाने यथातथा असे बरेच असतात.

ट्रेनिंग मला स्वतःला जमेल का?

जमेल, घाई केली नाही तर. पहिलं वर्ष दोनच गोष्टी: हाक मारली की येणं आणि पक्षी, पक्षी, पक्षी. कबुतरं किंवा पाळीव क्वेल गवतात लपवून पिल्लाला वारा तोंडावर येईल अशा बाजूने आणायचं, त्याला वास घेऊ द्यायचा, त्याने झडप घातली तर पक्षी उडून गेला पाहिजे, त्याच्या तोंडात यायला नको. झडप घातली की पक्षी जातो आणि थांबलं की मजा होते हे त्याचं त्यालाच कळतं. मग "व्होआ", म्हणजे थांब. तो अंगणात, दारात, जेवणाच्या वाटीसमोर शिकवायचा आणि पक्का झाल्यावरच पक्ष्यांपाशी न्यायचा. आम्ही मराठीतच "थांब" म्हणतो, कुत्र्याला भाषेचं काही पडलेलं नसतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा.

बंदुकीचा आवाज हा सगळ्यात नाजूक भाग. "चल तुला सवय लावू" म्हणून पिल्लाला शूटिंग रेंजवर नेणं हा कुत्रा कायमचा बिघडवायचा खात्रीचा मार्ग आहे. आवाजाला घाबरलेला कुत्रा परत मैदानात उभा करणं फार अवघड जातं, कित्येकदा होतच नाही. पिल्लू उडालेल्या पक्ष्यामागे जीव खाऊन पळत असताना लांबून, अगदी लांबून, छोट्या पिस्तुलाचा फुसका बार, त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. आवाज म्हणजे पक्षी असं डोक्यात बसायला हवं.

इ-कॉलर म्हणजे करंटचा पट्टा. इथे बहुतेक सगळे वापरतात, मीही वापरतो, पण जी आज्ञा कुत्र्याला आधीच येते तिची दुरून आठवण द्यायला. न शिकवलेल्या गोष्टीसाठी बटण दाबणं हा निव्वळ छळ आहे, आणि कुत्रा पक्ष्यापाशी असताना दाबलंत तर तो पक्ष्यालाच घाबरायला शिकतो आणि वास आला की वळसा घालून निघून जातो. जीपीएसचा पट्टा मात्र डोळे झाकून घ्या, जंगलात कुत्रा दिसत नाही आणि पॉइंटवर असला की तो आवाजही करत नाही. जुनी मंडळी गळ्यात घंटा बांधतात, घंटा थांबली की पॉइंट.

मी एच-१बी वर आहे. बंदूक हातात घेता येते का?

हे नीट वाचा. फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे आले, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे, आणि बाळगणं म्हणजे नुसतं विकत घेणं नव्हे, मित्राची हातात धरणंसुद्धा. याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेलं, चालू असलेलं हंटिंग लायसन्स. लायसन्स असेल तर चालतं, त्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि बंदूक कपाटात तशीच पडून असेल तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. त्यावर प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम वेगळे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. माझा सल्ला, व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि तोवर बंदुकीशिवाय बरोबर या, कुत्र्याचं काम बघायला कुठलाही कायदा आड येत नाही. "मित्र म्हणाला चालतं" यावर व्हिसा पणाला लावू नका.

लायसन्स, सीझन, लिमिट?

मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला आधी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, मग स्मॉल गेम लायसन्स आणि फेझंटसाठी वेगळा स्टॅम्प. ग्राउझ सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, दिवसाला पाच. फेझंट ऑक्टोबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंत, दिवसाला दोन नर, डिसेंबरपासून तीन. साउथ डकोटात दिवसाला तीन, सकाळी दहाच्या आधी गोळी नाही, सीझन जानेवारीअखेरपर्यंत, आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसाला लायसन्सवर पाच-पाच दिवसांचे दोन हप्ते मिळतात. आयोवा तीन, कॅन्सस चार. वुडकॉक स्थलांतर करणारा म्हणून त्याला फेडरल नियम, दिवसाला तीन, बंदुकीत तीनच्या वर काडतुसं नाहीत, आणि लायसन्स काढताना एक नोंदणी करायची असते ती लोक विसरतात.

फेझंटचा फक्त नर मारायचा, मादी नाही, आमच्याकडे सगळीकडे हाच नियम. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो म्हणून नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांवर फरक पडत नाही, इतकं साधं गणित आहे. नर ओळखायला सोपा, लांब शेपटी, मानेला पांढरा पट्टा, उठताना कर्कश ओरडतो. पण सकाळचा सूर्य तोंडावर असेल तर सगळेच काळे दिसतात, तेव्हा शंका आली तर बंदूक खाली.

आपली शेती नाही, जमीन नाही, मग जायचं कुठे?

हा प्रश्न विचारणारे बरेच जण साउथ डकोटातल्या महागड्या लॉजची जाहिरात बघून आलेले असतात. गरज नाही. मिनेसोटात राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहेत, फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया आहेत (इथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील वगैरेच), शिवाय बऱ्याच राज्यांत शेतकऱ्याला पैसे देऊन जमीन शिकाऱ्यांना खुली करायची एक योजना असते, साउथ डकोटात वॉक-इन एरिया, नॉर्थ डकोटात प्लॉट्स, कॅन्ससमध्ये विहा. फोनवरच्या नकाशात सगळं रंगवून येतं, जमीनमालकाच्या नावासकट. या खुल्या जमिनींपैकी बरीचशी गवताळ रानं सीआरपीची असतात, म्हणजे १९८५ च्या फार्म बिलापासून सरकार शेतकऱ्याला जमीन पडीक ठेवून गवत लावायचे पैसे देतं. मक्याचे भाव चढले की शेतकरी करार संपल्यावर गवत नांगरून टाकतो आणि दोन-तीन वर्षांत फेझंट कमी होतात. म्हणून इथले शिकारी शेतमालाच्या भावावर गप्पा मारताना दिसतील, अगदी आपल्या गावच्या पारावरच्यासारखे.

जागा निवडताना तीन गोष्टी एकमेकांजवळ बघा: खायला मका किंवा मायलो (म्हणजे आपली ज्वारीच), दुपारी बसायला गवत, आणि थंडीत लपायला कॅटेल किंवा झाडांची पट्टी. गाडीचं दार आपटू नका, फेझंटला ते बरोबर कळतं, दुसऱ्या टोकाने सगळे निघून जातात. आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चालायला सुरुवात करा, त्यासाठी मैलभर वळसा पडला तरी.

बंदूक कुठली?

तुमच्या खांद्याला नीट बसेल ती. भारतात बारा बोर म्हणतात ती इथे १२ गेज, हलकी हवी तर २० गेज. दुनळी बंदूक मोडून उघडी ठेवली की लांबूनही सगळ्यांना दिसतं की ही सुरक्षित आहे, म्हणून मला ती आवडते. फेझंटला ५ किंवा ६ नंबरचे छर्रे, स्टील असेल तर ३ किंवा ४, क्वेल-ग्राउझला साडेसात. याहून जास्त चर्चा करायची इच्छा असेल तर बंदुकीच्या दुकानात जा, दिवस जाईल.

अपघात होतात का?

होतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच, खालून उडणाऱ्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत नेणं आणि त्या ओळीत माणूस किंवा कुत्रा असणं. नियम: पक्ष्याच्या मागे आभाळ दिसल्याशिवाय गोळी नाही. रांगेत चालायचं, कोणी पुढे-मागे होत असेल तर ओरडून सांगायचं, भगवी टोपी आणि जॅकेट घालायचं (मिनेसोटात कमरेच्या वर निदान एक कपडा झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी लागतोच). कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी. आणि बिअर गाडीत, संध्याकाळपर्यंत.

कुत्र्याला काय काय होऊ शकतं?

लोक बंदुकीवर तीन हजार घालतात आणि कुत्र्याच्या फर्स्ट एडवर शून्य, हे मला आजवर कळलेलं नाही.

सगळ्यात पहिलं म्हणजे ऊन. ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला सत्तर फॅरनहाइट, म्हणजे आपला एकवीस सेल्सियस, असला तरी उंच गवतात वारा नसतो आणि कुत्रा थांबायचं नाव घेत नाही, पळत पळत कोसळतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, चाल अडखळली की थांबा, पोट आणि जांघा पाण्याने भिजवा, थेट व्हेट. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो.

दुसरं, कुसळं. वाइल्ड राय आणि फॉक्सटेल या गवतांची कुसळं नाकात, कानात, बोटांच्या मध्ये, पापणीखाली शिरतात आणि मागे न येता आतच सरकत जातात, काही वेळा फुफ्फुसापर्यंत, आणि महिन्यांनी गळू होतं तेव्हा कळतं. संध्याकाळी टॉर्च घेऊन सगळा कुत्रा चाचपून बघायचा, डोळे धुवायचे, बोटं उघडून बघायची.

मग काटेरी तार. जुन्या मोडक्या कुंपणाच्या तारा गवतात लपलेल्या असतात, छातीची कातडी फाटते, दिसायला भयंकर पण टाके घातले की बरं होतं. साळिंदराच्या काट्यांसाठी पक्कड जवळ हवी, थोडे असतील तर तिथेच काढायचे, तोंड भरून असतील तर भूल द्यावीच लागते. ग्राउझच्या जंगलात गोचीड, त्यातून लाइम नावाचा आजार होतो. उत्तरेत फरसाठी लावलेले सापळे असतात, त्यातला शरीर दाबून धरणारा चौकोनी सापळा मिनिटांत कुत्र्याचा जीव घेतो, तो कसा उघडायचा ते आधी घरी शिकून घ्या, तिथे गेल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. पश्चिमेला रॅटलस्नेक. सप्टेंबरमध्ये हिरवट साय आलेल्या डबक्यात कुत्र्याला उतरू देऊ नका, तसलं शेवाळ विषारी असू शकतं.

पक्षी खाता का? कसा लागतो?

खातो म्हणजे काय, खाण्यासाठीच तर. मारून टाकून देणं बेकायदा आहेच आणि निर्लज्जपणाही आहे. विकता मात्र येत नाही. फेझंट पोटातलं लगेच काढून थंड ठेवायचा, घरी नेईपर्यंत एक पाय किंवा डोकं अंगाला ठेवायचं म्हणजे वॉर्डनने थांबवलं तर नर आहे हे दिसतं. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवला तर मऊ पडतो.

सगळ्यांची चूक एकच, चिकन समजून करतात. यात चरबी नाही, छातीचं मांस पाच मिनिटं जास्त शिजलं की कोरडं लाकूड. छाती आणि तंगड्या वेगळ्या करा. तंगड्यांत ताठ शिरा असतात, त्या कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात कुकरला चार-पाच शिट्ट्या काढून रस्सा करायचा, हाडं बाजूला काढायची, आणि छातीचे तुकडे हळद-मीठ-आलं-लसूण लावून शेवटी रश्शात टाकून आठ-दहा मिनिटं, बास. वर कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. भाकरी असेल तर उत्तम. खाणाऱ्यांना सांगून ठेवा की सावकाश चावा, एखादा छर्रा राहतोच. ग्राउझ याहून चांगला, त्याला मसाला कमी लावा, साजूक तुपावर नुसतं परता. वुडकॉक काळ्या मांसाचा, कलेजीसारखा, आवडला तर प्रचंड आवडतो.

पाप नाही का वाटत?

आई दर फोनला विचारते. पक्षी हातात येतो तेव्हा गरम असतो आणि त्या वेळी काहीच वाटलं नाही तर त्या माणसाबरोबर मी परत जाणार नाही. पण मी चिकन खातो, आणि दुकानातल्या कोंबडीचं आयुष्य या फेझंटच्या आयुष्यापुढे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. माझा एकच नियम, कुत्र्याने पॉइंट न धरलेला पक्षी मी मारत नाही, आणि जखमी झाला तर मिळेपर्यंत पुढे जात नाही. यासाठीसुद्धा कुत्रा हवा, पंख मोडलेला फेझंट गवतात उंदराच्या वेगाने पळतो, कुत्र्याशिवाय तो कोल्ह्याच्या वाट्याला जातो.

पैशाचंही सांगतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो, लायसन्सचे पैसे वेगळे. इथली कितीतरी गवताळ जमीन त्या पैशावर टिकून आहे, आणि तिच्यावर फेझंटबरोबर माळचिमण्याही राहतात ज्यांना कोणी मारत नाही. शाकाहारी असाल आणि पटलं नाही तर ठीक आहे, वाद घालणार नाही.

महाराष्ट्रात हे करता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तर, लावे, मोर कशाचीही शिकार करता येत नाही, पकडणं, विकणं, बाळगणं सगळा गुन्हा. "गावाकडे आमचा एक जण आहे, तो सोय करतो" असं कोणी म्हणालं तर त्या भानगडीत पडू नका. बंदी योग्यच आहे, माळरानंच उरली नाहीत तिथे पक्षी कुठून उरणार. मला खटकतं ते वेगळंच. संस्थानिक आणि साहेब लोक शिकारीला गेले तर फोटो, आणि पोटासाठी फास लावून तित्तर धरणाऱ्या फासेपारध्यांवर इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो कायद्याच्या पुस्तकातून १९५२ ला गेला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. आपला राखी तित्तर बघायचाच असेल शिकारीच्या यादीत तर हवाईत आहे, तिथे नेऊन सोडलेला, रीतसर सीझन असतो.

मला बंदूकच नकोय, नुसता कुत्रा आणि पॉइंट, असं चालतं का?

आमच्या ट्रेनिंग ग्रुपमध्ये असे लोक आहेत आणि त्यांचे कुत्रे बहुतेकदा आमच्यापेक्षा चांगले असतात. ट्रेनिंगला पाळीव पक्षी वापरतात, परीक्षेत गोळी झाडायला दुसरी माणसं नेमलेली असतात. फक्त मिनेसोटात एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत राज्याच्या त्या जमिनींवर कुत्रा मोकळा सोडायचा नसतो, पक्षी अंड्यांवर बसलेले असतात.

डिसेंबरमध्ये भारतात जायचं असतं, मग कुत्र्याचं काय?

हा खरा घरगुती प्रश्न, कारण डिसेंबर हा फेझंटचा सर्वोत्तम महिना. गर्दी संपलेली, मका कापलेला, तळी गोठल्यामुळे कॅटेलमध्ये चालत जाता येतं आणि बर्फ पडला की उरलेले सगळे पक्षी तिथेच गोळा होतात. आणि नेमकं तेव्हाच शाळेला सुट्टी आणि पुण्यात कोणाचं तरी लग्न. केनेलमध्ये ठेवू नका, तिथे कुत्रा तीन आठवडे भिंतीकडे बघत बसतो. शिकारीला जाणारा मित्र गाठा, कुत्रा त्याच्याकडे ठेवा, तो त्याला घेऊन जाईल. जाताना जीपीएसचा पट्टा, त्याचा चार्जर, व्हेटचा नंबर आणि उपचाराला संमती दिल्याची सही केलेली चिठ्ठी द्या, आणि मित्राला सांगून ठेवा की ती "व्होआ" ऐकत नाही, "थांब" म्हणावं लागतं.